आधी पुसावे, मग आवळावे

‘घट्ट’ हा शब्द आपल्या व्यापारी घरांत दिवसातून अनेकदा उच्चारला जातो. पोत्याचे तोंड घट्ट शिवले का, डब्याचे झाकण घट्ट लागले का, गाडीवरील दोर घट्ट आवळला का, असे आपण सहज विचारतो, आणि घट्टपणा म्हणजे जोर असेच धरून चालतो. हात थकेपर्यंत आवळले की आपले समाधान होते. यंत्राच्या सहवासात आल्यावर मात्र हे समाधान किती फसवे असू शकते ते कळते. गेली तीन वर्षे आमच्या वखारीत एक लहानसे मिलिंग मशीन आहे. कटर पकडणारा भाग त्यात पक्का कसा बसवावा, या एका प्रश्नाने मला जे शिकवले ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटले. विषय लोखंडाचा असला तरी तो आपल्या घरांना परका वाटू नये.

अकोले तालुक्यातील राजूर हे कोल्हार–घोटी रस्त्यावरील बाजाराचे गाव. पश्चिमेस १९२६ साली पूर्ण झालेले भंडारदऱ्याचे धरण आणि त्यापलीकडे रतनवाडी, घाटघर अशी सह्याद्रीच्या कुशीतील गावे आहेत. डांगाणातील वाड्यापाड्यांचा बाजारहाट येथेच होतो. आमचे दुकान लोखंडी सामानाचे आहे. कुदळी, फावडी, विळे, खिळे, पाइप, पंपाचे आणि गिरणीचे सुटे भाग, असा माल तीन पिढ्या आम्ही विकत आलो. परंतु एखादा भाग तयार मिळाला नाही, तर गिऱ्हाइकाला संगमनेर, सिन्नर किंवा नाशिकचा रस्ता दाखवावा लागे. त्यात त्याचे एकदोन दिवस आणि मजुरी बुडे. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, हौशी कारागिरांसाठी बनवलेले एक छोटे मिलिंग मशीन मी घेतले, त्यामागे हौस होती आणि ही अडचणही होती.

ते वखारीत उतरवले तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे बाबूजी काठी टेकत आले आणि म्हणाले, “आपण माल विकणारी माणसे. माल घडवण्याचा हा उद्योग कशाला?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. मी त्यांना सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची आठवण दिली. १८८२ साली व्यापारी जैन घराण्यात जन्मलेल्या या गृहस्थाने आधी रेल्वेची कंत्राटे घेतली, पुढे जहाजे, विमाने आणि मोटारी यांच्या कारखान्यांपर्यंत मजल मारली. १९२२ साली धनजीशा कूपर यांनी साताऱ्यात सुरू केलेला आणि नांगर, तेलाची इंजिने यांसाठी नावाजलेला कारखानाही पुढे वालचंद समूहाकडे आला. बाबूजींनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्यांची गोष्ट मोठी आहे. आपण बोटे सांभाळा म्हणजे झाले.” हा उपदेश मी अद्याप विसरलेलो नाही.

ज्या वाचकांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लेथवर काम फिरते आणि हत्यार स्थिर असते. मिलिंगमध्ये काम टेबलावर पकडलेले असते आणि त्यावर कटर फिरतो. तो फिरवणारा पोकळ दांडा म्हणजे स्पिंडल. स्पिंडलच्या खालच्या तोंडाला आतून निमुळता घाट असतो, त्याला टेपर म्हणतात. कटर धरणारा टूल होल्डर बाहेरून तेवढाच निमुळता असतो आणि त्या तोंडात जाऊन बसतो. स्पिंडलच्या पोकळीतून वरून खाली येणारा एक लांब बोल्ट, म्हणजे ड्रॉबार, त्या होल्डरला वर ओढून धरतो. होल्डरच्या खालच्या टोकाला कॉलेट असते. ही पोलादाची चिरा पाडलेली नळी असून नट आवळला की ती आकसते आणि कटरची दांडी चहूबाजूंनी कवटाळते. म्हणजे पकड दोन ठिकाणी असते. पहिली होल्डर आणि स्पिंडल यांच्यात, दुसरी कॉलेट आणि कटर यांच्यात. यांपैकी एक जरी ढिली राहिली तरी दुसरीचा उपयोग नाही.

निमुळत्या आकाराची ही युक्ती परदेशी वाटेल, पण ती आमच्या दुकानात खुंटीला टांगलेली आहे. कुदळीचे भोक वरच्या बाजूस किंचित रुंद असते आणि दांडा वरूनच घालतात. प्रत्येक घावाबरोबर लोखंड दांड्याच्या जाड टोकाकडे सरकते आणि पकड आपोआप वाढते. शेतकऱ्याने त्यात खिळा मारलेला नसतो. सुमारे १८६४ साली अमेरिकेतील स्टीफन मोर्स याने हेच तत्त्व पोलादाच्या नेमक्या मापांत बांधले. त्याच्या नावाच्या टेपरमध्ये साधारण वीस मिलिमीटर लांबीमागे व्यास एक मिलिमीटरने कमी होतो. उतार इतका मंद असल्यामुळे दोन्ही पृष्ठभाग परस्परांना चिकटून राहतात. भोक पाडताना ड्रिलवरचा दाब वरच्या दिशेने येतो, तेव्हा ही पकड आणखी पक्की होते. मिलिंगमध्ये मात्र कटरला बाजूने धक्के बसतात आणि ते टेपरला हळूहळू हलवून सोडवू पाहतात. म्हणून तेथे ड्रॉबारवाचून काम करणे धोक्याचे असते.

आता ज्या प्रसंगाने आम्हाला हे सारे नीट समजून घ्यावे लागले तो सांगतो. कार्तिक सरत आला होता. खळ्यांवरचे भात पोत्यांत भरून झाले होते. भंडारदऱ्याकडच्या एका वाडीतील भाताच्या गिरणीचा शाफ्ट झिजला आणि गिरणी बंद पडली. चालक सकाळी दुकानात आले. वीसेक घरांची पोती गिरणीत पडून होती. कोणाला घरी खायला तांदूळ हवा होता, कोणाला बाजारात नेऊन विकायचा होता. पस्तीस मिलिमीटर जाडीचा नवा शाफ्ट अकोल्याच्या लेथवर तयार करून मिळाला, पण त्यावर चावी बसवण्याची खाच पाडण्याची सोय तेथे नव्हती. खाच दहा मिलिमीटर रुंद आणि पाच मिलिमीटर खोल हवी होती. गिरणीची पुली या चावीच्या आधारावर फिरते. खाच वाकडी किंवा कमीजास्त खोल झाली तर चावी हलते, हलणारी चावी खाच कुरतडते आणि आठपंधरा दिवसांत गिरणी पुन्हा बंद होते.

“शेठ, उद्या होईल ना?” त्यांनी विचारले. शाफ्ट एकच होता. पुतण्या म्हणाला, “काका, त्याच बारचा कापून उरलेला तुकडा आहे. आधी त्यावर खाच पाडून पाहू.” बावीस वर्षांच्या मुलाला हे सुचले याचा मला आनंद झाला. त्याने होल्डर बसवला, ड्रॉबार आवळला, कॉलेटच्या नटाला लांब पाना लावून अंगातला सगळा जोर दिला. दरवेळी अर्धा मिलिमीटर असे करत त्याने सावकाश खाच पूर्ण केली. दिसायला ती सुरेख होती. व्हर्नियरने मोजली तेव्हा एका टोकाला खोली पाच मिलिमीटर आणि दुसऱ्या टोकाला जवळपास सहा मिलिमीटर भरली. टेबल हलले नव्हते. कटरच खाली सरकला होता.

कटर खाली सरकण्यास कारण असते. त्याच्या अंगावर मळसूत्रासारख्या तिरप्या खोबणी असतात. त्या कापलेला लोखंडाचा कीस वर उचलून टाकतात, आणि त्याच क्रियेत कटर स्वतःला कामात खाली ओढून घेतो. कॉलेटची पकड जराशी कमी पडली की दर फेऱ्याला तो केसभर उतरतो. आवाजात फरक पडत नाही, कारागिराला काही कळत नाही, आणि खाच खोल होत जाते. पुतण्याच्या हाताला घाम फुटेपर्यंत त्याने नट आवळला होता. मग उणीव राहिली कोठे? चालकांना सिन्नरला पाठवावे की उद्या दुपारपर्यंत थांबा म्हणावे, हे त्या रात्री ठरवायचे होते.

आम्ही दोघे रात्री बसलो. प्रथम दोन पकडींपैकी कोणती सुटते ते शोधले. स्पिंडलचे तोंड आणि होल्डर यांवरून जाणारी एक रेघ, तसेच कॉलेट आणि कटरची दांडी यांवरून जाणारी दुसरी रेघ मार्करने ओढली आणि त्याच तुकड्यावर पुन्हा थोडे कापले. वरची रेघ जुळून राहिली, खालची तुटली. कटर काढून पाहिला तर त्याच्या दांडीवर गंज लागू नये म्हणून लावलेल्या तेलाचा थर तसाच होता. कॉलेटच्या चिरांत वाळलेले ग्रीस आणि त्यात रुतलेला बारीक कीस होता. पाना कितीही लांब असला तरी पोलाद पोलादाला भिडत नव्हते, मध्ये तेल होते. लावलेला जोर सगळा तेलावर खर्च होत होता.

मग वरच्या टेपरचीही शंका आली. त्यावर निळ्या रंगाचा अगदी पातळ हात फिरवून तो स्पिंडलमध्ये हलकेच फिरवून काढला. जेथे जेथे दोन्ही अंगे टेकतात तेथला रंग पुसला जावा, असा हा कारखान्यातील जुना ताळा आहे. आमच्या होल्डरचा रंग फक्त एका ठिकाणी, मोहरीएवढ्या भागावर पुसला गेला होता. तेथे कसला तरी मार लागून पोलाद किंचित वर आले होते. अशा उंचवट्यामुळे सबंध टेपर एका बिंदूवर टेकतो आणि बाकीची जागा पोकळ राहते. बारीक कुरुंदाच्या दगडाने तो उंचवटा अलगद उतरवला. पुन्हा रंग लावून पाहिले, तेव्हा तो सर्व बाजूंनी सारखा उमटला.

बाबूजींना रात्री झोप कमी लागते. ते बाहेर येऊन आमचे चाललेले पाहत होते. आमच्या दुकानात पूर्वी धान्यही असे आणि ते दांडीच्या तराजूवर तोलले जाई. १९५८ साली शेर-मण जाऊन किलोची वजने आली, तो काळही त्यांनी दुकानात बसून पाहिलेला आहे. ते म्हणाले, “मी पारडे पुसल्याशिवाय कधी तोलले नाही. मागच्या गिऱ्हाइकाचा चिमूटभर गूळ पारड्याला चिकटला, तर पुढच्याला तेवढे कमी जाते. तराजू खरा असतो, पारडे खोटे होते.” यंत्राचे त्यांना काही ठाऊक नव्हते, पण आमच्या रात्रभराच्या शोधाचे सार त्यांनी तीन वाक्यांत सांगितले.

सकाळी सारे नव्याने मांडले. कॉलेट, नट, होल्डर आणि स्पिंडलचे तोंड प्रथम रॉकेलने धुतले. रॉकेल स्वतः तेलकट पापुद्रा मागे ठेवते, म्हणून नंतर स्पिरिटने पुसून कोरड्या सुती कापडाने साफ केले. कटरची दांडी पुसली. चालक वखारीच्या दाराशी पोत्यावर बसून होते. शाफ्ट टेबलावर बांधला तेव्हा कोणी बोलत नव्हते. तासाभराने खाच पुरी झाली. दोन्ही टोकांना आणि मध्यभागी मोजली, तिन्ही ठिकाणी व्हर्नियरवर एकच आकडा आला. नट आवळताना पुतण्याने या वेळी नेहमीचा आखूड पानाच वापरला होता. दुपारच्या गाडीने शाफ्ट वाडीला गेला आणि संध्याकाळी गिरणी सुरू झाल्याचा फोन आला.

त्या दिवसापासून आमच्या वखारीत काही रीती ठरल्या. यंत्र हौसेने घेतलेल्या कोणालाही त्या उपयोगी पडतील म्हणून येथे देतो. आजकाल सर्वत्र दिसणारी ईआर जातीची कॉलेट स्वित्झर्लंडच्या रेगो-फिक्स या कंपनीने १९७० च्या दशकात रूढ केली. ती आधी नटात तिरपी धरून खट् असा आवाज होईपर्यंत बसवावी लागते आणि मगच नट होल्डरला लावायचा असतो. नटाच्या आतील कड कॉलेटच्या खाचेत अडकते आणि सोडवताना तीच कॉलेटला बाहेर ओढते. कॉलेट सुटी टाकून वरून नट फिरवला, तर ती वाकडी दबते आणि कायमची बिघडते. कटरची दांडी कॉलेटमध्ये निदान दोन-तृतीयांश लांबीपर्यंत आत हवी, नाही तर कॉलेट फक्त तोंडाशी आकसते आणि कटर डोलतो. दहाच्या दांडीला दहाचीच कॉलेट घ्यावी. एक मिलिमीटरपर्यंत आकसण्याची सोय तिच्यात असते, तिचा ताण विनाकारण घेऊ नये. जड कामासाठी दांडीवर सपाट खाच असलेले कटर मिळतात. त्या खाचेवर स्क्रू टेकवला की कटर खाली उतरू शकत नाही.

भोके पाडण्याच्या ड्रिल चकमध्ये मिलिंगचा कटर कधीही धरू नये. त्याचे तीन जबडे दांडीला केवळ तीन रेघांवर टेकतात. शिवाय तो चक आपल्या दांड्यावर नुसत्या निमुळत्या घर्षणाने बसलेला असतो. बाजूचे धक्के बसले की तो फिरता फिरता सुटून खाली पडू शकतो. आमच्याकडे येणाऱ्या हौशी मुलांना हे मी सर्वांत आधी सांगतो, कारण येथे काम बिघडण्यापेक्षा माणूस जखमी होण्याचे भय मोठे आहे.

ड्रॉबार आवळताना आधी त्याचे आटे होल्डरमध्ये पुरेसे गेले आहेत का ते मोजावे. बारा मिलिमीटरच्या ड्रॉबारला निदान बारा मिलिमीटर आत जाऊ द्यावे. त्यानंतर एका हाताने, आखूड पान्याने आवळावे. टेपर स्वच्छ असेल तर एवढे पुरते. जास्त जोराने काम अधिक पक्के होत नाही. उलट सोडवताना हातोड्याचे घाव वाढतात आणि ते स्पिंडलच्या बेअरिंगला सोसावे लागतात. सोडवण्यासाठी ड्रॉबार एकदोन फेरेच सैल करावा आणि पितळी हातोडीने वरून एक बेताचा ठोका द्यावा. ड्रॉबार पूर्ण काढून ठोकला तर शेवटचे आटे तुटतात. होल्डर सुटताना कटरखाली लाकडी फळी असावी आणि हातात जाड कापड असावे. दिवसभर चाललेला स्पिंडल गरम होऊन किंचित फुगतो. त्यात गार होल्डर आवळून तसाच रात्रभर ठेवला, तर स्पिंडल निवताना आकसतो आणि होल्डरला जखडतो. म्हणून संध्याकाळी होल्डर काढून ठेवण्याची शिस्त पाळावी.

पान्याचीही एक रीत आहे. आवळून झाल्यावर पाना ड्रॉबारवर राहिला आणि यंत्र सुरू झाले, तर तो गोफणीच्या दगडासारखा सुटतो. पुतण्याने पान्याला दोरी बांधून तो विजेच्या मुख्य खटक्यावरच टांगण्याची जागा केली. पाना आपल्या जागी आला की खटक्याची वाट मोकळी होते, एरवी नाही. बाबूजींनी ही युक्ती पाहून मान डोलावली. बोटे सांभाळण्याचा त्यांचा सल्ला अशा रीतीने अमलात आला.

राजूरच्या पावसाळ्याचा येथे वेगळा उल्लेख करावा लागेल. आषाढ-श्रावणात आमच्याकडे ऊन आठवडेच्या आठवडे दिसत नाही. वखारीच्या भिंती ओलावतात आणि उघडे पोलाद एका रात्रीत तांबूस होते. टेपरवर गंजाचा एक ठिपका पडला तरी तो त्या मोहरीएवढ्या उंचवट्याचेच काम करतो. त्यामुळे होल्डर आणि कॉलेट तेल लावून, कागदात गुंडाळून, झाकणाच्या पेटीत ठेवावे लागतात. म्हणजे हेच तेल विसाव्यात त्यांचे रक्षण करते आणि कामात त्यांचा घात करते. तेल लावणे आणि ते पुसणे ही दोन्ही कामे तितक्याच निष्ठेने करावी लागतात. यांतले पहिले लक्षात राहते, दुसरे घाईत सुटते. घाई बहुधा तेव्हाच असते, जेव्हा दाराशी कोणी वाट पाहत बसलेले असते.

आपल्या घरांतील पुष्कळ तरुणांना आज अशा यंत्रांची ओढ वाटते. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारे घेण्यासाठी गेलो की व्यापारी घरांतील मुले कॉलेट आणि कटर यांची मापे विचारताना दिसतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांना माझे सांगणे एवढेच, की त्यांना अडवू नका. दुकानात बसून मालाची किंमत कळते, यंत्रापाशी उभे राहिले की मालाचा स्वभावही कळतो. खराब कॉलेट आणि चांगली कॉलेट दिसायला सारख्याच असतात. ज्याने एकदा कटर सरकलेला पाहिला आहे, तो गिऱ्हाइकाला माल देताना दोन शब्द अधिक सांगतो आणि प्रसंगी तो माल विकण्याचे टाळतो. आमच्या दुकानात असे दोनतीनदा घडले आहे. त्यात तात्पुरता नफा गेला, पण ती गिऱ्हाइके आजही येतात.

वाडीतील ती गिरणी तिसऱ्या हंगामातही त्याच शाफ्टवर चालू आहे. गेल्या महिन्यात चालक पट्टा घेण्यासाठी आले तेव्हा मी खाचेविषयी विचारले. “चावी जागची हलली नाही शेठ,” ते म्हणाले आणि नव्या इंद्रायणी तांदळाची एक पिशवी टेबलावर ठेवून निघाले. मी पैसे देऊ केले, ते त्यांनी घेतले नाहीत. पुतण्या वखारीत होता. दुसऱ्या कोणाच्या तरी पंपाचा दांडा टेबलावर बांधलेला होता आणि तो कटर उजेडात धरून त्याची दांडी पुसत होता.